सीलच का?

जपानमधल्या वृद्धाश्रमांत गेली वीस वर्षं सीलचं एक पांढरंशुभ्र पिल्लू आजी-आजोबांच्या मांडीवर लोळतं आहे. कुरवाळलं की ते डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं, दुर्लक्ष केलं की कुरकुरतं. मऊशार केसांच्या आत मोटरी आणि संवेदक आहेत. नाव आहे पारो. (देवदासशी काही संबंध नाही, ‘पर्सनल रोबो’ या शब्दांच्या जपानी उच्चारांतली आद्याक्षरं जोडून ते झालं आहे.) पण माणसाला लळा लावायचा तर मांजर होतं, कुत्रा होता. सीलच का?

उत्तरासाठी १९९३ सालात जावं लागतं. ताकानोरी शिबाता हे तेव्हा त्सुकुबा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत संशोधक होते. रोबो म्हणजे कारखान्यात वेल्डिंग करणारा यांत्रिक हात, असाच तो काळ. अशा यंत्राची पारख सोपी असते: किती वेगवान, किती अचूक. शिबातांना मात्र असं यंत्र हवं होतं, की ज्याचं काम कुठल्याच मोजपट्टीत बसू नये आणि ज्याच्या सहवासात माणसाला नुसतं बरं वाटावं. प्राण्यांच्या संगतीने आजारी आणि एकाकी माणसांना उभारी येते, हे माहीत होतं. पण बहुतेक रुग्णालयं प्राणी आत घेत नाहीत. ॲलर्जी, चावे, जंतुसंसर्ग, शिवाय त्यांचं हगणं-मुतणं कोण काढणार?

पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांना सुचेल तेच करून पाहिलं. यांत्रिक कुत्रा झाला, मांजर झालं. लोकांनी ते हातात घेतलं आणि लगेच चुका काढल्या. मांजर असं अंग चोरत नाही, त्याची पाठ अशी लागत नाही. ज्याने जन्मभर मांजर पाळलंय, त्याच्या तळहाताला खरं मांजर पाठ असतं. यंत्र कितीही सुधारलं तरी त्या आठवणीपुढे ते उणंच पडणार. शिबातांनी यंत्र सुधारण्याचा नाद सोडला आणि आठवणच टाळली. सील सगळ्यांना चित्रांतून ठाऊक असतो, गोडही वाटतो. पण मांडीवर कुणी घेतलेला नसतो. तुलनेला काही नाही म्हटल्यावर निराशाही नाही.

इथे बरेचजण मासाहिरो मोरी यांचं नाव घेतात. रोबो माणसासारखा होत गेला की आधी जवळचा वाटतो आणि हुबेहूब होण्याच्या थोडं अलीकडे अचानक अंगावर काटा आणतो, असं मोरींनी १९७०च्या एका निबंधात मांडलं होतं. हस्तांदोलन करताना हाती आलेला गार कृत्रिम हात, हे त्यांचं उदाहरण. माझ्या मते या दोन गोष्टींची गल्लत करू नये. मोरी बोलतात ते किळसेबद्दल, शिबातांची अडचण अपेक्षाभंगाची होती. सोनीने १९९९ मध्ये आयबो हा कुत्रा आणला तेव्हा याच अडचणीवर उलटा तोडगा काढला: तो उघडउघड यंत्रच दिसेल असा ठेवला.

आकार ठरल्यावर शिबाता हार्प सील पाहायला कॅनडातल्या मॅग्डालेन बेटांवर गेले. बर्फावरच्या पिल्लांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पारोचं कण्हणं-कुरकुरणं तिथूनच आलं. वजन सुमारे २.७ किलो ठेवलं, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला तान्ह्या बाळाचा भास व्हावा. बॅटरी भरण्याची तारही बाळाच्या चोखणीसारखी तोंडात द्यायची. केस जंतुरोधक केले, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसालाही छातीशी धरता यावं म्हणून आतल्या भागांना विद्युतचुंबकीय कवच दिलं. पारो चालत नाही. सील जमिनीवर फारसा चालत नाही, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटतही नाही. पायांचा सगळा खर्च आणि खटाटोप वाचला! चांगली रचना अशी एका दगडात दोन पक्षी मारते.

२००५ मध्ये तो जपानमध्ये विक्रीला आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणांत जागा दिली. तेव्हा तिथली किंमत सुमारे ६,००० डॉलर होती. टीकाही झाली. ज्याला काहीच कळत नाही अशा यंत्रापाशी म्हाताऱ्यांनी मन मोकळं करायचं, आणि मुलांनी निर्धास्त व्हायचं, हे शेरी टर्कल या विदुषीला बोचलं. आक्षेप रास्त आहे. पण तो रोबोपेक्षा मुलांनाच जास्त लागू पडतो, असं मला वाटतं.

पारोची खरी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्वीन्सलँडमधल्या २८ शुश्रूषागृहांतले स्मृतिभ्रंशाचे ४१५ रुग्ण होते. काहींना चालू पारो दिला, काहींना तोच पारो यंत्र बंद करून, बाकीच्यांची नेहमीची देखभाल चालू ठेवली. नेहमीच्या देखभालीपेक्षा चालू पारोने रुग्णांची मनःस्थिती सुधारली, अस्वस्थताही कमी झाली. बंद पारोच्या तुलनेत मात्र तो एकाच बाबतीत सरस ठरला: रुग्ण त्याच्याकडे जास्त पाहत होते, त्याच्याशी जास्त बोलत होते. बाकी फरक पडला नाही. म्हणजे आतल्या मोटरींइतकंच, कदाचित थोडं अधिकच, काम त्या सीलच्या आकाराने आणि वजनाने केलं. आपल्याकडच्या एखाद्या वृद्धाश्रमाने पारो घ्यायचं ठरवलंच, तर आधी हा निकाल वाचावा.