गर्भारपणातील तक्रारी (वणी परिसर)

गर्भधारणेमुळे शरीरात होणाऱ्या बदलांतून उद्भवणारे त्रास. सुरुवातीला मळमळ व ओकाऱ्या; पुढे बद्धकोष्ठ, कंबरदुखी, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे. प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडते, म्हणून छातीत जळजळ होते. बहुतेक त्रास बाळंतपणानंतर आपोआप थांबतात.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी हा कापसाचा आणि कोळसा खाणींचा तालुका. येथील कडक उन्हाळ्यात पाणी कमी पडले की चक्कर येते, लघवीला जळजळ होते. निंदणाला जाणाऱ्या गर्भवतीने पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

खरी काळजी रक्तक्षयाची. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास रक्तक्षय, ७ च्या खाली तो तीव्र. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली जाते. या गोळीमुळे शौचाचा रंग काळा होतो. त्याला घाबरून गोळ्या डब्यात पडून राहतात. हा रंग निरुपद्रवी आहे. गोळीबरोबर चहा मात्र टाळावा. लिंबू चालते, किंबहुना लोह शोषायला मदतच करते.

विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने पत्नी वाहक निघाल्यास पतीचीही रक्ततपासणी आवश्यक. नवऱ्यांनी ती टाळू नये. दरमहा ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ वर फोन करावा.