नाशिक जिल्ह्यातील औद्योगिक वसाहती, परकीय भांडवल आणि रोजगार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

औद्योगिक वसाहत उभारली, रस्ते, पाणी, वीज दिली व करसवलती जाहीर केल्या की परकीय भांडवल आपोआप येते आणि त्यामागून रोजगार येतो, असा एक समज १९९१ नंतरच्या धोरणविषयक लेखनात रूढ झाला आहे. नाशिक जिल्ह्याचा गेल्या सहा दशकांचा अनुभव या समजाची तपासणी करण्यास विशेष उपयुक्त ठरतो. मुंबई व पुण्याच्या सावलीत वाढलेल्या या जिल्ह्यात वसाहतींचे यश आणि अपयश ही दोन्ही रूपे तासाभराच्या अंतरावर पाहावयास मिळतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने सातपूर व सिन्नर या दोन ठिकाणांचा विचार केला आहे.

नाशिकच्या औद्योगिक इतिहासाचा प्रारंभ खाजगी भांडवलाने झालेला नाही. नाशिक रोड येथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झालेले सरकारी प्रतिभूती मुद्रणालय व १९२८ चे नोट मुद्रणालय हे येथील पहिले मोठे कारखाने होत. यंत्रावर पाळीने काम करणारा, वेतनाच्या शिस्तीत वाढलेला कामगारवर्ग त्यांनी या धार्मिक क्षेत्राला प्रथम दिला. दुसरा टप्पाही सरकारीच होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिग विमानांच्या सोव्हिएत सहकार्याने होणाऱ्या उत्पादनाची त्या काळात तीन ठिकाणी वाटणी झाली : विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. आज ‘परकीय गुंतवणूक’ म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते येथे नव्हते. तंत्रज्ञान परदेशातून आले, भांडवल मात्र भारत सरकारचे होते. रिव्हेट ठोकण्यापासून मोजमापाच्या अचूकतेपर्यंतचे कौशल्य मात्र जिल्ह्यातच रुजले.

सातपूर-अंबडची घडण

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. मुंबई-ठाणे पट्ट्यातील उद्योगांची गर्दी कमी करून ते राज्याच्या इतर भागांत न्यावेत हा त्यामागील हेतू होता व १९६४ च्या प्रोत्साहन योजनेने त्याला आर्थिक बळ दिले. त्र्यंबक रस्त्यावरील सातपूरची वसाहत या धोरणाचे अपत्य होय. तिला लागूनच ‘नाईस’ या नावाने ओळखली जाणारी सहकारी औद्योगिक वसाहत स्थानिक उद्योजकांनी उभी केली. सहकार म्हणजे साखर कारखाना असे समीकरण असलेल्या राज्यात छोट्या कारखानदारांनी सहकारातून भूखंड व शेड मिळवावेत, ही गोष्ट तितकीशी चर्चिली गेलेली नाही. नाशिकच्या पुढील वाटचालीत तिचे स्थान मोठ्या कंपन्यांपेक्षा कमी नाही, असे म्हणावे लागते.

सातपूरला आलेल्या परकीय संबंधांच्या कंपन्यांत मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, हे ठळक नाव. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश कंपनीशी संलग्न असलेली ही कंपनी १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली आणि पुढे तिने नाशिकला डिझेल इंजिनांसाठी लागणाऱ्या नोझलचे उत्पादन सुरू केले. मायक्रॉनमध्ये मोजावयाच्या या कामाला साधा मजूर चालत नाही, तसा साधा पुरवठादारही चालत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात यावा, काही वर्षांनी त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने एखादी शेड घेऊन दोन लेथ टाकाव्यात आणि त्याच कारखान्याला सुटे भाग पुरवावेत, ही साखळी सातपूर व अंबडमध्ये वारंवार आढळते. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश’ झाले. शहरातील चौकाला मात्र लोक ‘मायको सर्कल’च म्हणत राहिले.

हा कालखंड परकीय भांडवलाला अनुकूल नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक कंपन्यांतील परकीय भागभांडवलावर ४० टक्क्यांची मर्यादा आणली आणि १९७७ मध्ये कोका-कोला व आयबीएम यांनी देश सोडला. तरीही याच दशकांत सातपूर भरले, अंबडची वसाहत आकाराला आली व दोहोंच्या जवळ सिडकोने कामगारांच्या घरांची वस्ती वसवली. उदार धोरण नसतानाही रोजगार वाढला, याची कारणे गंगापूर धरणाचे पाणी, मुंबईला जोडणारा महामार्ग व लोहमार्ग आणि वर वर्णिलेली पूरक उद्योगांची साखळी यांत शोधावी लागतात. सातपूर, अंबड, चुंचाळे या गावांतील शेतकऱ्यांनी त्यासाठी आपल्या जमिनी गमावल्या, हेही त्याच इतिहासाचे अंग आहे.

या साखळीची कसोटी २००५ नंतर लागली. महिंद्र आणि फ्रान्सची रेनॉ यांनी ५१ व ४९ टक्के भागीदारीत संयुक्त कंपनी स्थापन केली आणि २००७ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून ‘लोगान’ ही मोटार बाहेर पडली. ती अपेक्षेप्रमाणे खपली नाही. २०१० मध्ये रेनॉने आपला हिस्सा महिंद्रला विकला. परकीय भागीदार गेला, पण तीच गाडी पुढे ‘व्हेरिटो’ या नावाने तेथेच तयार होत राहिली. २००२ पासून ‘स्कॉर्पिओ’साठी भाग बनवणारे पुरवठादारही टिकले. याच सुमारास पुण्याजवळील चाकणने फोक्सवॅगनसारख्या कंपन्या खेचून घेतल्या व खुद्द महिंद्रनेही तेथे नवा कारखाना उभारला. ‘नाशिक मागे पडले’ ही तक्रार त्या काळापासून येथील उद्योजकांच्या बोलण्यात कायम आहे.

सिन्नर : विशेष आर्थिक क्षेत्र

सिन्नर हा अवर्षणप्रवण तालुका. बिडी वळणे हा येथील अनेक कुटुंबांचा जुना आधार. मुसळगाव येथील सहकारी औद्योगिक वसाहत व माळेगाव येथील महामंडळाची वसाहत यांनी येथे कारखानदारी आणली होतीच. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर चित्राचे प्रमाणच बदलले. बहुउत्पादन क्षेत्रासाठी किमान १,००० हेक्टर जमिनीची अट होती. सिन्नर तालुक्यातील गुळवंच व मुसळगाव परिसरात इंडियाबुल्स समूहाच्या अशा क्षेत्रासाठी महामंडळामार्फत भूसंपादन झाले. निर्यातक्षम उद्योग, परकीय कंपन्या आणि भूमिपुत्रांना नोकऱ्या हे त्यामागील आश्वासन होते.

प्रत्यक्षात तेथे उभा राहिला तो मुख्यतः एक औष्णिक वीजप्रकल्प, २७० मेगावॅटच्या पाच संचांचा. वीजखरेदीचा करार न झाल्याने तोही वर्षानुवर्षे बंद राहिला, कोळशासाठीच्या रेल्वेमार्गाच्या भूसंपादनावरून वाद झाले आणि २०२२ मध्ये प्रकल्पाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उरलेल्या जमिनीचा फार मोठा भाग पडीक राहिला. २००८ ची जागतिक मंदी व २०११ च्या अर्थसंकल्पाने या क्षेत्रांवर लादलेला किमान पर्यायी कर ही कारणे सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. तथापि केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही. सातपूरला भूखंड लहान होते व उद्योजक अनेक होते, त्यामुळे एक बुडाला तरी दुसरा तगला. सिन्नरला हजार हेक्टरांचे भवितव्य एकाच विकासकाच्या ताळेबंदाला बांधले गेले. करसवलत मिळाली तरी नोझल घासणारा कारागीर सवलतीतून निर्माण होत नाही. रायगड जिल्ह्यात महामुंबई क्षेत्राविरुद्ध शेतकऱ्यांनी आंदोलन केले व सप्टेंबर २००८ मध्ये तेथे जनमत अजमावले गेले. सिन्नरची जमीन मात्र तोवर सातबाऱ्यावरून उतरली होती.

विंचूरच्या द्राक्ष प्रक्रिया उद्यानाचा अनुभव याहून सौम्य, पण त्याच जातीचा आहे. २००१ च्या धोरणानुसार नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे अशी उद्याने योजिली गेली. परंतु सुला वाढली ती गंगापूर धरणाच्या परिसरात आणि फ्रान्सच्या मोएत हेनेसी समूहाची ‘शांदों’ २०१३ मध्ये आली ती दिंडोरीत. दोन्ही ठिकाणी मद्यार्क नव्हे, तर द्राक्ष आधी होते. आखून दिलेल्या भूखंडापेक्षा मळा आणि मळ्यातील माणूस यांचे आकर्षण अधिक ठरले.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो महामार्ग ज्या तालुक्यांतून जातो त्यांत सिन्नर व इगतपुरी दोन्ही आहेत. मुंबईचे अंतर घटल्याने या पट्ट्यातील जमिनीला पुन्हा मागणी आली आहे. गुळवंचच्या ज्या खातेदारांच्या जमिनी २००५ नंतरच्या दशकात गेल्या, त्यांच्या घरांतील पुढची पिढी आज नोकरीच्या वयात आहे. त्यांपैकी किती जण त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या हजेरीपटावर आहेत, हे गावनिहाय मोजणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व इतिहास विभागांना अवघड नाही.