शेपटीचा इतिहास कुठे शोधायचा?

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा एमआयडीसीतली निळी कुत्री जगभर गाजली. रंगाचं सांडपाणी कासाडी नदीत जात होतं. फोटो छापून आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. संशोधकाला कागद मिळाले. पण ब्रीडरने घरीच, डॉक्टरशिवाय, पिल्लाची शेपटी छाटली किंवा पायाचं अंगठ्यासारखं जादा नख काढलं, तर त्याची नोंद कोण ठेवणार?

अशा वेळी आधी कायदा वाचा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार जनावराचा अवयव छाटणं गुन्हा आहे. पुढे अपवादही आहेत: गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं. कुत्र्याची शेपटी त्या यादीत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र फक्त 10 ते 50 रुपये!

मग वादाचे कागद बघा. 2011 मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषदेने शेपटी-कान कापण्याविरुद्ध भूमिका घेतली, तेव्हा केनेल क्लब ऑफ इंडिया मद्रास उच्च न्यायालयात गेला.

आता समर्थनाची कारणं कालक्रमाने लावा. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला सांगतो, शेपटी तोडली की कुत्रा पिसाळत नाही. नंतरचे लोक म्हणाले, शिकारीत झुडपांमुळे शेपटीला इजा होते. आजच्या फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी 'ब्रीडचा लूक' पुढे येतो. कारण बदललं, प्रथा राहिली. आपला संशोधन-प्रश्न इथेच आहे. आणि नोंद नाही म्हणजे पिल्लाला दुखलं नाही, असं कधीच गृहीत धरू नका.