स्फटिकाची भूल

आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या देवघरात स्फटिकाचे शिवलिंग, श्रीयंत्र, निदान जपाची माळ तरी असते. या दगडाचा इतिहास चाळताना मला एक मौज आढळली. ज्या नितळपणासाठी आपण त्याला वाखाणतो, त्याच नितळपणाने माणसाला वारंवार चकविले आहे.

महाभारतातील मयसभा आठवा. स्फटिकाची जमीन पाणी समजून दुर्योधनाने वस्त्रे सावरली आणि खरे पाणी जमीन समजून तो त्यात पडला. रोमन पंडित प्लिनी याने तर पहिल्या शतकात लिहून ठेवले की, स्फटिक म्हणजे कडक थंडीने गोठलेले बर्फच होय! त्याला हसण्याचे कारण नाही. आपल्या मराठीतही आभाळातून पडते ती गार आणि रानात सापडतो तो पांढरा दगडही गारच. उत्तर प्रदेशातील पिप्राहवा येथील बौद्ध स्तूपात १८९८ साली स्फटिकाचे एक करंडक सापडले. त्याच्या झाकणाची मूठ माशाच्या आकाराची आहे. ते घडविणाऱ्याच्या मनातही पाणीच होते की काय, असे मला वाटून जाते.

पुढे शास्त्राने हा भ्रम दूर केला. शुद्ध वाळूत असते तेच द्रव्य स्फटिकात असते. त्याच्या पैलूंमधील कोन ठरलेले असतात, हे १६६९ साली स्टेनो या डॅनिश विद्वानाने दाखविले. स्फटिक दाबला असता त्यात वीज उत्पन्न होते, हे १८८० साली झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी शोधले. मादाम क्यूरींचे पती ते हेच पिएर. या गुणाच्या आधारे १९२७ साली अमेरिकेत स्फटिकावर चालणारे पहिले घड्याळ तयार झाले.

आजची भूल मात्र निराळी आहे. ओळखीच्या एका भगिनीने दम्यावर गुण येईल म्हणून महागडी माळ घेतली, औषध सोडले आणि अखेर तिला इस्पितळ गाठावे लागले. माळ काचेची निघाली. पण खऱ्या स्फटिकानेही दमा बरा झाला नसता.

तेव्हा भगिनींनो, माळ घेताना मण्यात बारीक गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजावी. खरा स्फटिक हाताला काचेपेक्षा अधिक थंड लागतो. शंका वाटल्यास रत्नपारख्याला दाखवावे. स्फटिक कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा. त्यावर कढत पाणी ओतू नये, तडा जातो. मोत्यांच्या डबीत तो ठेवू नये, कारण मोत्यांवर ओरखडे उठतात. स्फटिकाचा गोळा उन्हात ठेवू नये; भिंगाप्रमाणे किरण एकवटून जवळचे कापड पेटू शकते. माळेवर जप खुशाल करावा. औषध मात्र वैद्य-डॉक्टरांना विचारल्याखेरीज सोडू नये, एवढीच विनंती.