आजोबांची कढई

मंडळी, आमच्या इंदूरचा सराफा तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, आणि ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली आणि राजवाड्याभोवती मराठी घरं वाढत गेली. बहुतेकांनी नोकरी धरली. आमचे आजोबा मात्र शेव तळायला बसले.

त्यांची कढई जाड लोखंडी पत्र्याची. तांब्या-पितळेची का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "तांबं लागलं की तेल लवकर खवट होतं. आणि भट्टीवर रिकामी कढई तापली तर कल्हई टिकेल होय?" खरंच, कथील २३२ अंशांना वितळतं.

रात्री तेल निवलं की ते फडक्यातून गाळायचं आणि तळाचा बेसनाचा गाळ काढायचा. तो राहिला तर दुसऱ्या दिवशी करपून सगळं तेल काळं करतो. कडेला गोंदासारखा चिकट थर बसे. त्यासाठी आठवड्यातून एकदा कढईत धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळायचं. मग ती धुऊन पार कोरडी करायची, कारण पाण्याचा थेंब राहिला तर गरम तेल उसळतं.

पण खालून जाळ आणि वरून खरवडणं, तळ झिजतोच. आजी कढई उन्हाकडे धरून बघायची. एकदा तिला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. "आता नवी घ्या," ती म्हणाली. पहिल्या कमाईची कढई, आजोबांचं मन होईना. लोहाराकडून ठिगळ मारून आणलं. दिवाळीच्या गर्दीत ते सुटलं, तेल भट्टीत गेलं आणि भडका उडाला. कुणीतरी पाणी ओतायला धावला, त्याला आजीने अडवलं आणि पोत्याने वाळू टाकवली. दुकान वाचलं, पण काकांचा उजवा हात भाजला. त्या हाताने त्यांनी पुन्हा झारा धरला नाही.

पुढे दुकानात गॅसचा स्टीलचा फ्रायर आला. त्यात बर्नरच्या खाली तेलाचा थंड भाग असतो. गाळ तिथे जाऊन बसतो, म्हणून करपत नाही. तरी तो रोज काढावाच लागतो. दुरुस्तीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "भैया, थर्मोस्टॅट, कॉक, बर्नर कितीही वेळा बदला. टाकी पाझरली तर ठिगळ नको, नवीच घ्या." काका कोपऱ्यात बसले होते. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

तेलाचाही आता नियम आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. आजोबा ते फेसावरून आणि वासावरून ओळखत. तेलाच्या बाबतीत ते कधी चुकले नाहीत. कढईच्या बाबतीत चुकले, कारण तिच्यात जीव गुंतला होता.

ती कढई अजून अंगणात आहे. माती भरून कढीपत्ता लावलाय. तुमच्या घरी अशी एखादी असेल तर जरूर लिहा.