नांदगाव पेठ ते मेळघाट : वऱ्हाडातील रानभटकंतीचा सामाजिक इतिहास

अमरावतीच्या ईशान्येस, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले नांदगाव पेठ आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी ज्या मुलखात ते आहे त्या मुलखाला सातपुड्याचे रान पायी तुडवण्याची फार जुनी सवय आहे. या सवयीचा इतिहास चिखलदऱ्याच्या थंड हवेपासून सुरू करण्याची पद्धत पडली आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरांनी आपल्या अनुयायांना ‘अटन’ म्हणजे सतत फिरत राहणे आणि ‘विजन’ म्हणजे निर्जन स्थळी एकांतात बसणे ही दोन्ही आचारधर्माची अंगे म्हणून सांगितली, आणि मोर्शी तालुक्याच्या सीमेवरील सालबर्डीचे डोंगर महानुभाव परंपरेत त्यांच्या वास्तव्यामुळे पूज्य ठरले. त्याच सालबर्डीला महाशिवरात्रीस शैव भाविकांची यात्रा भरते, तर त्याहून दूर पचमढीच्या डोंगरांत, चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणाऱ्यांत आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या दऱ्याखोऱ्यांतून पायी फिरणाऱ्यांत विदर्भातील शेतकरी व शेतमजुरांचा भरणा मोठा असतो. नवस हे या प्रवासाचे उघड कारण होय. परंतु गाणी म्हणत, पावसात भिजत, ओढे ओलांडत, घरच्या कामापासून काही दिवस सुटून केलेल्या या चालण्यात जो आनंद आहे, तो केवळ नवसाच्या नावाखाली दडला म्हणून इतिहासकाराने त्याची दखल न घेणे हा त्या कष्टकरी माणसांवर अन्यायच आहे. पुढे राष्ट्रसंत झालेले तुकडोजी महाराज तरुणपणी सालबर्डी, रामटेकच्या रानांत हिंडले, तेही याच परंपरेतून. नांदगाव पेठेवरून जाणाऱ्या याच महामार्गावर मोझरी येथे १९३५ साली त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला.

इंग्रजांनी आणलेली गोष्ट वेगळी होती. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने सातपुड्यातील गाविलगड किल्ला जिंकला, १८२३ मध्ये हैदराबाद कंटिन्जन्टच्या (निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या) कॅप्टन रॉबिन्सनने शेजारचे चिखलदऱ्याचे पठार हेरले, आणि १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी बिऱ्हाड स्थिरावले. सकाळ-संध्याकाळी कड्यांच्या काठाने, कोणत्याही नवसाविना, नुसत्या हवेसाठी आणि देखाव्यासाठी फिरणे हा तेथील दिनक्रम झाला. अशा फिरण्याला फुरसत लागते, आणि ही फुरसत दुसऱ्यांच्या श्रमावर उभी होती : ओझी वाहणे, वाटा दाखवणे, शिकारीसाठी ‘हाका’ घालणे, म्हणजे आरडाओरड करीत जनावर मचाणाकडे हुसकणे, ही कामे रानातल्या लोकांच्या वाट्याला आली. चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटातल्या पाऊलवाटा मुळात तेथील कोरकू आदिवासींच्या होत्या, पण त्यांना प्रवासवर्णनांत नाव मिळाले नाही. १८६० च्या दशकापासून जंगलाचे मोठे पट्टे ‘राखीव’ झाले, म्हणजे तोड, चराई व वावर यांवर सरकारी परवानगीचे बंधन आले, तेव्हा त्यांच्याच वाटांवर त्यांचे पाऊल संशयास्पद ठरू लागले.

अडवलेल्या वाटांचा प्रश्न इंग्लंडातही होता; तेथे २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या कामगारांनी किंडर स्काउटच्या खाजगी माळावर सामूहिक घुसखोरी करून चालण्याचा हक्क मागितला. वऱ्हाडात मात्र सुटीच्या दिवशी मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क असा प्रश्नच कोणी उभा केला नाही, कारण येथे ज्यांची वाट अडली त्यांची पहिली गरज सरपण, मोह आणि चराई यांची होती.

१९७३-७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झाला. वाघाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. मात्र त्यानंतर पर्यटक ठरलेल्या रस्त्यांवरून वाहनातून जंगल पाहू लागला, हौशी निसर्गप्रेमींना बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राणिगणनेत भाग घेण्याची संधी मिळाली, आणि बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे या शतकाच्या आरंभी प्रकल्पाबाहेर हलवण्यात आली. गाभा क्षेत्रात, म्हणजे जेथे वस्ती व वापर वर्ज्य आहे अशा आतील भागात, रोज पायी फिरणारे आता मुख्यतः वनरक्षक आणि त्यांच्यासोबत रोजंदारीवर गस्त घालणारे स्थानिक मजूरच आहेत, आणि त्यांत कोरकू पुष्कळ आहेत.