ही सावली कोणाची? क्ष-किरण चित्रांवरच्या खुणांची गोष्ट

आज आपण सुरुवात एका अंगठीपासून करूया.

२२ डिसेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात विल्हेल्म रॉन्टजेन यांनी पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचं क्ष-किरण चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि त्यातल्या एका बोटात अंगठी. हे चित्र आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात पाहिलंय. पाहिलंय ना? पण थांबा. पुष्कळदा त्या नावाखाली छापलेला हात बर्थाबाईंचा नसतोच! २३ जानेवारी १८९६ रोजी रॉन्टजेन यांनी जाहीर व्याख्यान दिलं, तेव्हा वृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचं चित्र घेतलं गेलं. त्यांच्याही बोटात अंगठी होती. पुढे या दोन चित्रांची सर्रास अदलाबदल झाली. म्हणजे बघा, हे तंत्र जन्मलं आणि त्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या चित्रांचीच ओळख चुकली.

असं का होतं? चेहऱ्याचा फोटो आपण ओळखतो. हाडांना चेहरा नसतो. शिवाय हे चित्र म्हणजे सावली. सावली उलटी धरली तरी सावलीच दिसते. डावा हात उलटवला की उजवा.

सुरुवातीला चित्रं काचेच्या पट्ट्यांवर घेत. रासायनिक लेप एकाच बाजूला असे, त्यामुळे ती बाजू मंद आणि दुसरी चकचकीत. निदान पट्टी उलटी धरली आहे का, हे हाताळणाऱ्याला कळे. पहिल्या महायुद्धात बेल्जियमहून येणारी काच अडली आणि फिल्मकडे ओढा वाढला. १९१८ मध्ये ईस्टमन कोडॅकने दोन्ही बाजूंना लेप असलेली फिल्म आणली. चित्र कमी किरणांत मिळू लागलं, पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या. फायदा मिळाला, खूण गेली.

मग उपाय काय? शिसं. शिसं क्ष-किरण अडवतं, म्हणून त्याचं अक्षर फिल्मवर पांढरं उमटतं. चित्र घेतानाच कॅसेटवर 'आर' किंवा 'एल' ठेवायचं. फिल्म उलटी लावली की अक्षरही उलटं दिसतं, आणि पाहणारा लगेच सावध होतो. रुग्णाच्या नाव-क्रमांकासाठी कॅसेटच्या एका कोपऱ्यात शिशाचा तुकडा लावून जागा कोरी ठेवत आणि अंधाऱ्या खोलीत प्रकाशाने तिथे नाव उमटवत.

इथे कोणी विचारेल, एवढं काय त्यात? छातीचं चित्र घ्या. हृदय उजवीकडे दिसतंय. फिल्म उलटी लागली आहे, की या माणसाचं हृदय खरंच उजवीकडे आहे? अशी माणसं असतात. झुरिचच्या कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये अशा उलट्या रचनेबरोबर येणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. खूण नसेल तर नुसतं चित्र पाहून डॉक्टरांनी काय ठरवायचं? आणि समजा, एका बाजूचं फुप्फुस दबलं आहे आणि नळी घालायची आहे. बाजू चुकली तर धड असलेल्या फुप्फुसालाच इजा.

म्हणूनच खूण चित्र घेतानाच हवी. नंतर पेनाने लिहिलेलं 'उजवा' म्हणजे लिहिणाऱ्याची आठवण. शिशाचं अक्षर मात्र त्या क्षणाचं साक्षीदार असतं.

आता फिल्म गेली, पडदा आला. १९९३ पासून डायकॉम या मानकात रुग्णाचं नाव, क्रमांक, तारीख चित्रासोबतच साठवली जाते. प्रश्न सुटला? पूर्ण नाही. यादीतून नाव निवडतो माणूसच. एका क्लिकमध्ये चित्र उलटतंही, आणि बाजूचं अक्षर नंतर संगणकावर चिकटवता येतं. म्हणजे पुन्हा आठवणीवरच भिस्त. शिशाचा तो छोटा तुकडा अजून निवृत्त झालेला नाही, तो यामुळेच.

पुढच्या वेळी एक्स-रे हातात आला, तर हाडाआधी कोपरा बघा. नाव आपलंच आहे ना? बाजू तीच आहे ना? शंका आली तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आज इथेच थांबूया.